मांड, लगाम आणि शिक्षक : घोडेस्वारीच्या शिक्षणाचा एक अभ्यास

सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांचा इतिहास घोड्याला वगळून लिहिता येत नाही. १२ जानेवारी १७०८ रोजी साताऱ्यात शाहू छत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि पुढे हे नगर मराठी राज्याची राजधानी म्हणून ओळखले गेले. सांगली-मिरजेचा मुलूख पटवर्धन सरदारांचा. आपल्या पाठ्यपुस्तकांत या भूमीवरील घोडदळाच्या पराक्रमाची वर्णने येतात. कोणत्या मोहिमेत किती स्वार होते याचे आकडेही येतात. परंतु त्या स्वारांना घोड्यावर बसायला कोणी शिकवले, कसे शिकवले आणि हे शिक्षण कोणाला मिळू दिले नाही, हे प्रश्न क्वचितच विचारले जातात. प्रस्तुत लेखात त्यांचाच विचार करावयाचा आहे. स्वारी ही वरवर पाहता धाडसाची कला. वस्तुतः ती शिक्षणाची कला आहे. येथे एकाच वेळी दोघे शिकत असतात, माणूस आणि घोडा. म्हणून शिक्षण कसे असावे आणि ते कोणाला मिळावे, हे दोन्ही प्रश्न या विषयात एकत्र येतात.

केसीचा प्रश्न

अंगुत्तर निकायात केसी नावाच्या अश्वशिक्षकाचे एक सुत्त आहे. घोड्यांना वळण लावण्यात हा केसी निष्णात होता. तथागतांनी त्याला विचारले की, तू घोड्यांना कसे शिकवतोस? केसीने आपल्या तीन रीती सांगितल्या. काही घोडे मृदुतेने शिकतात, काही कठोरतेने, तर काहींच्या बाबतीत दोन्हींचा उपयोग करावा लागतो. या तिन्ही रीतींनी जो वळणावर येत नाही त्याचे काय, असे विचारल्यावर केसी म्हणाला की, त्याला मी मारून टाकतो. माझ्या गुरुपरंपरेला बट्टा लागू नये.

मग केसीने तोच प्रश्न तथागतांना केला. आपण माणसांना कसे शिकवता? तथागतांनीही त्याच तीन रीती सांगितल्या. सदाचरण आणि त्याची फळे दाखवणे ही मृदू रीत. दुराचरण आणि त्याचे परिणाम दाखवणे ही कठोर रीत. आणि दोन्ही मिळून तिसरी. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. माणसाच्या बाबतीत कठोर रीत म्हणजे छडी नव्हे, परिणामांची स्पष्ट जाणीव होय. शेवटी जो कशानेच वळत नाही त्याचे काय, या प्रश्नावर तथागतांनीही मारण्याचीच भाषा वापरली. केसी चकित झाला. प्राणिहिंसा ज्यांना वर्ज्य, ते असे कसे म्हणतात? तेव्हा तथागतांनी उलगडा केला की, एखाद्याला उपदेश करण्यास, शिकवण्यास अपात्र समजणे, हाच आर्यविनयात वध होय.

शिक्षकाच्या दृष्टीने याहून गंभीर वचन मला ठाऊक नाही. तथागतांनी हा उपाय सर्व प्रयत्न संपल्यानंतरचा म्हणून सांगितला. आपल्या समाजव्यवस्थेने मात्र एकही पाठ न देता, एकही प्रयत्न न करता, कोट्यवधी माणसांना जन्मतःच शिकवण्यास अपात्र ठरवले. केसीच्या मापाने मोजले तर तो काय होता, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

मज्झिम निकायातील भद्दालि सुत्तातही घोड्याचे शिक्षण येते. उमद्या जातीच्या शिंगराला प्रथम लगामाची सवय लावतात. ते तोंड हिसकते, धडपडते; कारण हे त्याने पूर्वी कधी केलेले नसते. सतत आणि क्रमाक्रमाने सराव झाला की ते शांत होते आणि मगच पुढचा पाठ येतो. नवशिक्याची धडपड हा त्याचा दोष नसून नवेपणाचा परिणाम असतो, ही त्यातील समज आजच्या वर्गातही तितकीच लागू आहे. ग्रीसमध्ये इसवी सनपूर्व चौथ्या शतकात झेनोफन या सेनानी-इतिहासकाराने अश्वारोहणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. रागाच्या भरात घोड्याजवळ जाऊ नये आणि जबरदस्तीने करून घेतलेल्या हालचालीत ना समज असते ना सौंदर्य, असे त्याचे प्रतिपादन आहे. दोन भिन्न देशांतील अनुभव एकाच निष्कर्षाला यावा, हे लक्षणीय आहे.

स्वारीचे पाठ

विद्यार्थी मित्रहो, आता प्रत्यक्ष शिक्षणाचा क्रम पाहू. उत्तम शिक्षक विद्यार्थ्याला पहिल्याच दिवशी घोड्यावर चढवत नाही. तो आधी घोडा वाचायला शिकवतो. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला आजूबाजूचा फार मोठा परिसर दिसतो. परंतु नाकासमोर अगदी जवळचे आणि शेपटीमागचे त्याला दिसत नाही. म्हणून मागून एकाएकी गेल्यास तो बुजतो आणि लाथ झाडतो. त्याच्या डाव्या खांद्याच्या दिशेने, आवाज देत, सावकाश जावे. त्याचे कान पाहावेत. कान पुढे रोखलेले असतील तर त्याचे लक्ष समोरच्या वस्तूकडे आहे. मागे चपटे दाबलेले असतील तर तो चिडलेला किंवा भ्यालेला आहे. घोडा हा मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याच्या बहुतेक खोड्या म्हणजे त्याची भीती असते, हे समजले की निम्मे शिक्षण झाले.

दुसरा पाठ सेवेचा. खरारा करणे, खुरांत अडकलेले खडे-माती काढणे, पाणी व वैरण पाहणे, पाठीवर कोठे जखम आहे का हे तपासणे, मग खोगीर ठेवून तंग आवळणे. तंग सैल राहिला तर खोगीर फिरते आणि स्वार पडतो. खोगिराखाली एखादी काडी राहिली तरी घोड्याची पाठ सोलते. ही कामे नोकराची म्हणून जो टाळतो तो चांगला स्वार होत नाही. घोड्याची ओळख येथेच होते आणि घोड्यालाही माणसाची ओळख येथेच पटते.

तिसरा पाठ मांडीचा. मराठीत पक्की मांड हा शब्दप्रयोग स्वारीतूनच आला आहे. शिक्षक लांब दोरीने घोड्याला आपल्याभोवती रिंगणात फिरवतो आणि विद्यार्थी लगाम न धरता, कधी रिकिबीत पाय न घालताही, केवळ तोल सांभाळत बसतो. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत असावीत. टाच खाली, नजर पुढे. भीतीने अंग आखडले की तोल जातो. रिकीब ही वस्तू इतिहासात उशिरा आली. सांची, मथुरा आणि आपल्या भाजे येथील प्राचीन शिल्पांत तंगाखाली पाय अडकवलेले स्वार दिसतात. अशा स्वाराचा भरवसा मुख्यतः आपल्या मांडीवरच असे.

चौथा पाठ चालींचा. साध्या चालीत चार ठोके स्वतंत्र ऐकू येतात. दुडकीत समोरासमोरच्या तिरप्या पायांच्या जोड्या एकदम पडतात, म्हणून दोन ठोके. त्यापुढील झेप घेत जाणाऱ्या चालीत तीन, आणि चौखूर उधळल्यावर पुन्हा चार. दुडकीत स्वाराला ठोक्याबरोबर उठणे आणि बसणे साधावे लागते. नाहीतर त्याची आणि घोड्याची, दोघांचीही पाठ दुखते. आधी साधी चाल पक्की, मग दुडकी, मग पुढची चाल, हा क्रम चांगला शिक्षक मोडत नाही.

पाचवा पाठ हाताचा, आणि तो सर्वांत अवघड. लगामाची कडी घोड्याच्या पुढच्या दातांमागील आणि दाढांपुढील मोकळ्या जागेत, नाजूक हिरडीवर टेकते. स्वाराने लगामाला दिलेला हिसका तेथे जाऊन पोहोचतो. म्हणून लगाम हा तोल सावरण्याचा आधार नव्हे. बैठक, पाय, हात आणि आवाज ही स्वाराची खरी साधने. चाबूक व टाचेची आर दुय्यम. घोडा शिकतो तो दाबामुळे नव्हे, तर दाब सुटल्यामुळे. पायाने हलका दाब द्यावा. घोडा पुढे निघताच तो दाब त्याच क्षणी काढावा. घोड्याला कळते की आपण योग्य केले. दाब तसाच राहिला तर त्याला काहीच कळत नाही. तो प्रथम गोंधळतो, मग निबर होतो, आणि मग लोक म्हणतात की हा घोडा अडेल आहे. वस्तुतः अडेल झालेले असते ते शिक्षण.

लगाम कोणाच्या हाती

पाचगणीच्या टेबललँडवर किंवा महाबळेश्वरच्या वेण्णा तलावाकाठी पर्यटक घोड्यावरून फेरी मारतात. बहुधा घोडेवाला दोरी धरून पुढे चालतो आणि पर्यटक वर बसून छायाचित्र काढून घेतो. त्यात गैर काही नाही. त्यावर अनेक कुटुंबांची चूल पेटते. परंतु घोड्यावर बसणे आणि घोडा चालवणे यांतील भेद तेथे स्पष्ट दिसतो. माणसाची उंची वाढलेली असते, दिशा मात्र दुसऱ्याच्या हाती असते. हा भेद मनात ठेवून आपण इतिहासाकडे वळू.

मराठी घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. ज्याला घोडा सरकारी पागेतून मिळे तो बारगीर. सभासदाने शिवकालीन पागेची जी रचना नोंदवली आहे, तीत पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दहा जुमल्यांवर एक हजारी अशी चढती व्यवस्था आहे. दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक महत्त्वाचे तत्त्व दिसते. ज्याच्या घरी घोडा नाही तोही स्वार होऊ शकतो. फक्त घोडा, पाणी, नाल आणि शिस्त यांची जबाबदारी राज्याने घ्यावी लागते. पुढे इंग्रजी अमलातील शिलेदारी पद्धतीच्या रिसाल्यांत स्वाराला घोड्याचा खर्च स्वतः उचलावा लागे. तेथे गरिबाला दार आपोआप बंद होते.

आणि अस्पृश्य मानलेल्या समाजाचा घोड्याशी संबंध काय होता? महार वतनाच्या नावाखाली गावकामगाराने जी कामे करावयाची, त्यांत गावी येणाऱ्या सरकारी कामदारांचे ओझे वाहणे आणि त्यांच्या घोड्यांना वैरण पुरवणे हेही होते. म्हणजे वर सांगितलेला दुसरा पाठ, सेवेचा, आपल्या पूर्वजांकडून पिढ्यान्‌पिढ्या करवून घेतला गेला. तिसरा, चौथा आणि पाचवा मात्र त्यांच्यापासून दूर ठेवले गेले. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते या वेठीच्या विरुद्ध. ही कनिष्ठ ग्रामवतने अखेर १९५८ च्या कायद्याने रद्द झाली.

मसूर आणि चाळीसगाव

बाबासाहेबांच्या शालेय शिक्षणाची नोंद आपल्या साताऱ्यातील आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांनी येथील सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, प्रवेश घेतला. पुढील वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत, वडील सुभेदार रामजी यांना भेटण्यासाठी, ते मोठा भाऊ आणि भाच्यासह मसूर स्टेशनावर उतरले. वडील खटाव तालुक्यात नोकरीवर होते. मुलांची जात कळताच एकही गाडीवान त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर दुप्पट भाडे आणि गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने पायी चालावे, असा तोडगा निघाला. आठ-दहा वर्षांच्या वयातील मुलांच्या हाती कासरा आला तो असा. बाबासाहेबांनी ही आठवण ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आत्मकथनपर लेखनात नोंदवली आहे.

त्याच लेखनात १९२९ सालची चाळीसगावची घटना आहे. अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. स्टेशनापासून महारवाड्यापर्यंत त्यांना नेण्यास टांगेवाल्यांनी नकार दिला. टांगा भाड्याने मिळेल, हाकणारा मिळणार नाही. आपल्या नेत्याने पायी जावे हे वस्तीतील बांधवांना रुचेना; म्हणून ज्याने आयुष्यात कधी टांगा हाकला नव्हता अशा एकाने लगाम हाती घेतला. वाटेतील नदीच्या पुलाला कठडा नव्हता, कडेला केवळ अंतराअंतरावर दगड होते. चाक दगडावर आदळले. बाबासाहेब पुलावरील फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली पात्रात कोसळले. त्यांचा पाय मोडला. जीव वाचला तो थोडक्यात.

ही घटना आपण सहसा अस्पृश्यतेच्या क्रौर्याचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते योग्यच आहे. परंतु घोडेस्वारीच्या शिक्षणाचा अभ्यास करताना तिचा आणखी एक अर्थ दिसतो. त्या बांधवाचे प्रेम खरे होते, धैर्य खरे होते, स्वाभिमानही खरा होता. उणीव एकाच गोष्टीची होती. त्याला कोणी शिकवलेले नव्हते; आणि जे शिकवू शकत होते, त्यांनी शिवण्यासही नकार दिला होता. ज्ञान जातीच्या कुंपणात कोंडले की ते कुंपणाबाहेरच्याचा जीव घेऊ शकते. स्वाभिमानाला कौशल्याची जोड नसेल तर संकटाच्या क्षणी स्वाभिमान एकटा पडतो.

हुद्दा की पात्रता

हा भेदभाव निराळ्या रूपात जगातही होता. ऑलिंपिकमधील ड्रेसाज, म्हणजे घोड्याच्या शिस्तबद्ध व डौलदार चालींची स्पर्धा, दीर्घकाळ लष्करी अधिकाऱ्यांपुरतीच होती. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये स्वीडनच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढे निष्पन्न झाले की त्यांतील गेहनेल पेर्सन हा स्वार पूर्ण अधिकारी नसून सार्जंटच्या दर्जाचा आहे. संघाचे पदक काढून घेण्यात आले. त्याच्या मांडीत दोष नव्हता, हातात दोष नव्हता. दोष हुद्द्यात होता! पुढे नियम बदलला आणि १९५२ साली हेलसिंकीत त्याच पेर्सनसह स्वीडनने पुन्हा सुवर्ण जिंकले.

त्याच १९५२ च्या स्पर्धेत प्रथमच स्त्रियांनाही ड्रेसाजमध्ये प्रवेश मिळाला. डेन्मार्कच्या लिस हार्टेल यांना पोलिओ झालेला होता; गुडघ्याखालील पायांत शक्ती नव्हती. घोड्यावर चढण्या-उतरण्यास दुसऱ्याची मदत लागे. त्यांनी रौप्यपदक मिळवले आणि १९५६ साली पुन्हा रौप्य. दार उघडले नसते तर त्यांच्यातील स्वार जगाला दिसलीच नसती. अलीकडे, २०२३ साली, चीनमधील हांगझौ येथील आशियाई स्पर्धेत भारतीय ड्रेसाज संघाने सुवर्णपदक जिंकले. अश्वारोहणातील हे १९८२ नंतरचे पहिले सुवर्ण, म्हणजे ४१ वर्षांनी आलेले. चार जणांच्या त्या संघात दोन तरुणी होत्या.

हक्क आणि शिक्षण

आजही देशाच्या काही भागांत दलित नवरदेवाला घोड्यावरून उतरवण्याचे प्रकार घडतात. अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली जी दुरुस्ती झाली आणि २६ जानेवारी २०१६ पासून जी अमलात आली, तिने अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तीला वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा स्पष्ट शब्दांत गुन्हा ठरवला. ही मोठी प्राप्ती आहे. परंतु वरातीचा घोडा तासाभराचा असतो आणि त्याचाही लगाम बहुधा दुसऱ्याच्या हाती असतो. कायदा आपल्याला घोड्यापर्यंत सुरक्षित पोहोचवू शकतो. पुढची मांड आणि हात शिक्षणानेच येतात.

या शिक्षणाच्या वाटा आपल्याच परिसरातून सुरू होतात. शिरवळ येथे क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्याला प्राण्यांविषयी ओढ आहे त्याने ते ध्येय ठेवावे. राष्ट्रीय छात्रसेनेत रिमाउंट व व्हेटरनरी तुकड्या असतात आणि तेथे स्वारी शिकवली जाते. सैन्यदल आणि पोलीसदलातही अश्वारोहणाचे प्रशिक्षण आहे. येथे घोडा सरकारचा असतो. म्हणजे बारगिराचे जुने तत्त्व, आता संविधानाच्या समतेसह. आणि शिक्षक केवळ संस्थांतच असतात असेही नव्हे. माण, आटपाडी, जत भागातील धनगर बांधव मेंढरांसह स्थलांतर करतात, तेव्हा त्यांची लहानखुरी घोडी संसार वाहून नेतात. बिऱ्हाडावर कोकरे असतात, कोंबड्या असतात आणि लहान मूलही असते. ते मूल चालायला शिकण्याआधी घोड्याची चाल अंगाने ओळखते. अशा माणसांजवळ बसून विचारले तर ग्रंथात न मिळणाऱ्या कितीतरी गोष्टी कळतील. आपले ज्ञान ज्ञान म्हणून ओळखले गेले नाही, हे आपण सोसले आहे. तो अन्याय आपण दुसऱ्यावर करू नये.

शेवटी निवासी शाळेतील माझ्या सहकारी शिक्षकांसाठी थोडेसे. आपल्याकडे येणाऱ्या मुलांत ऊसतोड कामगाराचे मूल असते, घरापासून प्रथमच दूर आलेले मूल असते, शिंगरासारखे तोंड हिसकणारे मूल असते. त्याला अडेल म्हणण्यापूर्वी भद्दालि सुत्त आठवावे: हे त्याने पूर्वी कधी केलेले नाही. दाब देताना तो कोणत्या क्षणी सोडायचा, हे आपल्याला ठाऊक आहे का, ते तपासावे. आणि याला शिकवण्यात अर्थ नाही असे वाक्य जिभेवर आलेच, तर केसीला मिळालेले उत्तर आठवावे. शिकवण्यास अपात्र ठरवले जाण्याचा अर्थ ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या अनुभवला, त्या समाजाने चालवलेल्या शाळेत ते वाक्य उच्चारले जाऊ नये. मुलाला वळण लावायला वेळ लागेल. आपण तो द्यावा.